ढेकर न देणारा जावई

मी ढेकर अडवू शकतो! फुशारकी नाही, कला आहे ही. शाळेत आमच्यात शर्यत लागायची, बाटलीभर सोडा प्यायचा आणि गप्प बसायचं. सलग तीन वर्षं मी पहिला! कुणी गातं, कुणी पोहतं, मी ढेकर अडवतो.

या कलेचा पुढे काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मग कोतोमी भेटली.

कोतोमीचे वडील, हिराइवा-सान, पोटाच्या एक्स-रेची बस घेऊन कारखान्याकारखान्यातून फिरतात. मी जपानातल्या त्सुबामे गावच्या कारखान्यात चमच्यांना पॉलिश करतो. दर मे महिन्यात ती बस आमच्या आवारात येऊन उभी राहते. पस्तिशीच्या वरचे सगळे रांगेत लागतात. आधी एक फसफसणारी पूड, म्हणजे पोट फुगतं. मग पेलाभर बेरियम, म्हणजे फोटोत पोट दिसतं. बेरियम म्हणजे काय, तर भिंतीला लावायचा चुना, त्यात कुणीतरी लाजत लाजत केळ्याचा वास घातलाय. आणि नियम एकच : ढेकर द्यायचा नाही. दिला की पोट बसलं, फोटो गेला, पुन्हा प्या!

"बाबा घरी येऊन माणसांबद्दल एवढंच सांगतात," कोतोमी म्हणाली होती. "आज अमका भेटला, चांगला माणूस आहे, ढेकर दिला नाही."

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली! शनिवारी चार वाजता मी तिच्या घरी रीतसर मागणी घालायला जाणार होतो. आणि शनिवारी सकाळीच बस आमच्याकडे!

"मी नाव देतो," मी म्हणालो.

"तू तिशीचा आहेस."

"हौस असेल तर तिशीवाले पण चालतात."

"हौस? बेरियमची?"

"कोतोमी, बघच तू. दुपारी बाबा स्वतः दार उघडून म्हणतील, या जावईबापू!"

"तोगाशी," ती म्हणाली. ती रागावली की मला आडनावानं हाक मारते. "नको करूस."

अर्थातच केलं.

शनिवारी रांगेत माझ्यामागे आमच्या विभागाचे मुकादम इगाराशी-सान. बावन्न वर्षांचे, बेरियमच्या सतरा वाऱ्या झालेल्या. "अरे, तू कशाला आलास? पिकनिक आहे का?"

"सासऱ्यांना भेटायला आलोय."

"उपाशीपोटी?"

बसमध्ये हिराइवा-सान काचेमागे बसले होते. चेहरा इस्त्री केलेला. त्यांनी माझा कागद वाचला, नाव वाचलं, एकदा वर बघितलं. बस्स. नंतर सगळं बोलणं माईकवरून. आणि उकाडा म्हणून बसच्या खिडक्या सताड उघड्या! म्हणजे आवारातल्या चाळीस लोकांना फुकटचा कार्यक्रम.

"पूड घ्या. ढेकर देऊ नका."

घेतली. पोटात शंभर बेडूक एकदम जागे झाले. मी शांत. कला!

"बेरियम प्या. उजवीकडे तीन वेळा गोल फिरा."

फिरलो.

"तुमच्या उजवीकडे."

पुन्हा फिरलो. ज्यावर निजवलं ते एक्स-रेचं टेबल फिरतंय, मी फिरतोय, अंगातला सरकारी झगा तिसरीकडेच फिरतोय. नोरीत, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पापडात, भात गुंडाळतात तसा मी त्या झग्यात गुंडाळला गेलो. तेवढ्यात टेबलानं मला डोकं खाली, पाय वर केलं. आता सोडा मी आयुष्यभर बसूनच प्यायलो होतो! उलटं लटकून सराव कुणी केलाय?

ढेकर आला. साधासुधा नाही. कारखान्याचा जेवणाचा भोंगा वाटावा असा. बाहेर दोघंजण खरंच डबा आणायला गेले म्हणे!

"पुन्हा प्या," माईक म्हणाला.

पुन्हा प्यायलो. पुन्हा आला. तिसऱ्यांदा प्यायलो. तिसऱ्यांदा आला, पण फोटो काढून झाल्यावर.

"झालं," माईक म्हणाला. मग थोडं थांबून, "चार वाजता भेटू."

बाहेर टाळ्या पडल्या!

उतरताना हिराइवा-साननी हातात दोन गुलाबी गोळ्या ठेवल्या आणि काहीतरी सांगत राहिले. मी काही ऐकलं नाही. लाजेनं माझे कान गोळ्यांपेक्षा गुलाबी झाले होते. गोळ्या कशासाठी, ते इगाराशी-साननी सांगितलं.

"हा बेरियमचा उतारा. पोट साफ करतो. लगेच घे आणि भरपूर पाणी पी, नाहीतर आत सिमेंट होतं!"

घेतल्या. दोन तास वाट बघितली. काही नाही.

"इगाराशी-सान, सिमेंट झालं वाटतं!"

"तीन पेले प्यायलास ना रे? मग दोन गोळ्या काय पुरणार! या माझ्या घे. मी दह्यावर भागवतो."

डॉक्टरला विचारावं, एवढी अक्कल मला सुचली नाही. इगाराशी-सान चमच्यातले तज्ज्ञ आहेत, पोटातले नाहीत, हेही नाही सुचलं. एकूण गोळ्या झाल्या चार.

बरोबर चार वाजता मी हिराइवांच्या घरी तातामीवर गुडघे मोडून बसलो. समोर ते. मध्ये मी आणलेले सासा-दांगो, बांबूच्या पानात बांधलेली तांदळाची मिठाई. कोतोमीची आई चहा ओततेय, कोतोमी माझ्याकडे बघतच नाही. भाषण पाठ होतं. मी कपाळ चटईला टेकवलं.

"हिराइवा-सान, आज मी आपल्याकडे..."

आणि उतारा उतरला.

"...संडास कुठे आहे?"

मी पळालो. पुढच्या दहा मिनिटांबद्दल बोलत नाही. खरी गोष्ट नंतरची आहे. मी खटका ओढला. पाणी आलं, गेलं. ते मात्र तिथेच. पांढरंशुभ्र, जड, निवांत, आखाड्यात बसलेल्या सुमो पैलवानासारखं! पुन्हा खटका. जागचं हललं नाही. सहा वेळा ओढला. बाहेर सगळं घर मोजत होतं, मला खात्री आहे.

मग पावलं वाजली.

"तोगाशी-सान."

"हो!"

"आधी कागद टाकला होता का?"

"कसला कागद?"

बाहेर कपाळावर हात मारल्याचा आवाज.

"भांड्यात आधी कागद अंथरायचा, म्हणजे चिकटत नाही. गोळ्या देताना सगळ्यांना सांगतो मी."

"माझं लक्ष नव्हतं."

"गोळ्या किती घेतल्या?"

"चार."

"दोन दिल्या होत्या."

"दोन इगाराशी-सानच्या."

दाराबाहेर एक लांब उसासा. मग दार बोटभर उघडलं आणि फटीतून लाकडी चॉपस्टिक्सची एक जोडी आत आली.

"घाई करू नका," हिराइवा-सान म्हणाले. अगदी माईकवरचा आवाज! "श्वास घ्या. धरा. आता उजवीकडून हलकेच ढकला."

ढकललं.

"तुमच्या उजवीकडून. खटका ओढा. श्वास सोडा."

धो धो पाणी. आणि पैलवान आखाड्याबाहेर!

"गेलं?"

"गेलं!" मला रडू आलं. एवढ्या प्रेमानं माझ्याशी वडीलसुद्धा कधी बोलले नाहीत. मी गुडघ्यांवर होतोच. राहवलंच नाही. "हिराइवा-सान, तुमची मुलगी मला द्या!"

स्वयंपाकघरात कप फुटला.

"निकाल तीन आठवड्यांनी," दारापलीकडून उत्तर आलं. "टपालानं येईल."

खरंच आला! छापील कागद. पोट : अ, दोष नाही. खाली पेनानं लिहिलेलं : 'दुसरी बाब : ब. एक वर्ष निरीक्षणाखाली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तपासणी.'

"काठावरचा का होईना, पण 'ब' दिलाय," कोतोमी म्हणाली. "माझ्या आधीच्याला 'ड' होता."

वर्षभर मी सराव केला. रोज सकाळी पलंगावरून डोकं खाली सोडायचं आणि सोडा प्यायचा. शेजारी घर सोडून गेले.

आणि आज बस आली! पूड घेतली, बेरियम प्यायलो, गोल फिरलो, माझ्याच उजवीकडे. उलटा लटकलो. बेडूक शंभर, आवाज शून्य. बाहेर सगळं आवार श्वास रोखून उभं.

माईक खरखरला.

"तोगाशी-सान. आमची संमती आहे. ऑक्टोबरात करू लग्न."

आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की... अख्खी बस हलली!

माईक पुन्हा खरखरला.

"पुन्हा प्या."

तर मंडळी, हे सगळं मी कुठे बसून टाइप करतोय ते विचारू नका. गोळ्या दोनच घेतल्यात. कागद आधी टाकलाय.