जावयाने दुरुस्त केलेलं इंजिन

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. देवाने कुणाला गळा दिला, कुणाला रूप दिलं, मला स्क्रू-ड्रायव्हर दिला! विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आजवर एकाही मेकॅनिकला पाऊल टाकू दिलेलं नाही. मिक्सर मी दुरुस्त केला. आता तो फक्त तीन नंबरवर चालतो, पण चालतो. दारावरची बेल मी दुरुस्त केली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनही मीच खोलून, पुसून परत बसवला. तेव्हापासून तो आतली हवा बाहेर टाकायच्या ऐवजी बाहेरची आत ओढतो आणि खालच्या मजल्यावर बोंबील तळले की वास आमच्या देवघरापर्यंत येतो, हे मी नाकारत नाही. पण फिरतो की नाही? फिरतो!

तर असा हा मी, एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "बाबांचं इंजिन मी चालू करणार!"

आमच्या सौ. उत्कर्षा. त्यांची पोळी तव्यावरच राहिली.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"मिक्सरला लावलात. बेलला लावलात. फॅनला लावलात. त्याला नाही!"

बाबा म्हणजे तिचे वडील, नागोराव. मूळचे बडनेऱ्याचे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. सासूबाई गेल्या तेव्हापासून सहा वर्षं आमच्याकडेच असतात. येताना एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि एक वीतभर लांबीचं काळं, वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. खेळणं म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो होतो, दोन दिवस बोलले नाहीत. हे मॉडेल विमलाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुणाच्या तरी जुन्या सामानातून शोधून निवृत्तीच्या दिवशी त्यांना दिलेलं. रूळ, दोन डबे, सगळं. रुळांतून वीज जाते, चाकांतून मोटरीत चढते आणि गाडी पळते. म्हणजे पळायची. बारा वर्षांपूर्वी बंद पडली ती पडलीच.

तरी नागोराव रोज सकाळी चहाच्या आधी शोकेस उघडतात, मऊ फडक्याने इंजिन पुसतात आणि आसपास कुणी नाही असं वाटलं की हळूच विचारतात, "काय विमल, बरी हायेस ना?" मी एकदा पडद्याआडून ऐकलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला ते इंजिन चालू करायचंच होतं. शिवाय महिन्यावर त्यांची पंचाहत्तरी आली होती.

शेवटी उत्कर्षा एका अटीवर तयार झाली. "आधी जाणकाराला दाखवा."

जाणकार सदाशिव पेठेत राहतात. रंगनाथराव नाव. डोळ्याला भिंग लावून त्यांनी इंजिन पाहिलं.

"तुम्ही उघडलंय का हे?"

"नाही अजून."

"म्हणूनच वाचलंय. मोटर गेलीय. परदेशातून मागवावी लागेल. पंधरा हजार."

"पंधरा हजार? अहो, एवढ्यात जुनी मोटरसायकल येते!"

"मग ती रुळावर चालवा," रंगनाथराव म्हणाले. मी उठायला लागलो तेव्हा मात्र त्यांना माझी दया आली असावी. "घरात जुना सीडी प्लेअर असेल तर त्याच्या आत छोटी मोटर असते. हौशी लोक ती बसवतात. चालतं. फक्त लाल वायर, काळी वायर बघून लावा."

"अहो, हे मला शिकवता?"

"नाही. शिकवणीची फी वेगळी असते."

घरी आलो आणि बाबा दुपारचे झोपल्यावर इंजिन गुपचूप उचललं. शोकेस रिकामी दिसली तर काय सांगायचं, ते उत्कर्षावर सोपवलं. तिने सांगितलं, "पॉलिशला दिलंय." नागोराव म्हणाले, "प्लॅस्टिकले पॉलिश?"

मागच्या बाल्कनीत माझा कारखाना सुरू झाला. सीडी प्लेअर फोडला, मोटर काढली. मोटर आणि दातेरी चाक यांना जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा, काय फिट बसला म्हणून सांगू! तुटलेल्या धुराड्याच्या जागी जुन्या फाउंटन पेनचं पितळी टोपण. वजन कमी पडत होतं म्हणून पोटात माझ्या लग्नातल्या शेरवानीची सहा बटणं. शेरवानी तशीही आता कोपरापर्यंतच चढते. आणि पुढच्या तोंडावर पिवळ्या पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरांत पाटी: 'मेल'! कारण नागोराव मेल ड्रायव्हर. कुठल्याही समारंभात त्यांना शाल देताना हेच सांगतात, आणि मी स्वतः ऑफिसात निदान शंभर जणांना सांगितलंय.

एवढ्यात चाकांचे रबर कमी पडले. रविवारी इंजिन पिशवीत घालून जुन्या बाजारात गेलो. माप लावून बघायला ते हातात धरून एका गाड्यावर घासाघीस करत होतो, आणि नेमके तिथे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले महिपतीकाका नळाची तोटी घ्यायला आलेले! मी त्यांना पाहिलं नाही. त्यांनी मला पाहिलं.

संध्याकाळी नागोराव अर्ध्या भाकरीवर उठले.

"बाबा, काय झालं?" उत्कर्षाने विचारलं.

"काही नाही, बाई. जुनी वस्तू अडगळच होते. तिले किती दिवस ठेवन कोनी?"

आम्हाला काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढली, सदरे घड्या घालून भरायला लागले. म्हणाले, पंचाहत्तरी झाली की बडनेऱ्याला पुतण्याकडे जाणार. कायमचे. उत्कर्षाने रडत रडत समोरच्या फ्लॅटमधून बातमी काढून आणली.

"अहो, महिपतीकाकांनी बाबांना सांगितलंय, तुमचे जावई जुन्या बाजारात इंजिन विकत होते!"

"विकत? मी?"

"जा आत्ता आणि दाखवा त्यांना इंजिन!"

मी बाल्कनीत गेलो. इंजिन श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणात होतं, एकूण एक्केचाळीस तुकड्यांत. एक स्प्रिंग सापडत नव्हती. हे झाकण म्हाताऱ्या माणसापुढे नेऊन ठेवायचं? त्यापेक्षा विकलं म्हटलेलं बरं!

"वाढदिवसाला चालवूनच दाखवतो," मी म्हणालो.

"नाही चाललं तर?" उत्कर्षाचा आवाज फुटला. "बाबा गेले ना, तर मी तुम्हाला कधी माफ नाही करणार."

चार दिवस मी ऑफिसातून रजा काढली. स्प्रिंग पोह्यात सापडली, तीही माझ्याच घासात. शेवटी सगळं जुळलं. इंजिन झुरळासारखं उताणं ठेवलं, दोन वायरी लावल्या आणि चाकं गर्रकन फिरली! मी बाल्कनीत एकटाच नाचलो. खालून जाणारा भंगारवाला थांबून बघत राहिला.

आता राहिलं गाडी चालवायचं यंत्र. त्याला दोन गोष्टी: वेग कमी-जास्त करायचा गोल खटका आणि पुढे-मागे करायचं बटण. बटण डुगडुगत होतं. मी विचार केला, मेल ड्रायव्हरची गाडी, तिला मागे कशाला जायचंय? बटण 'पुढे'वर ढकललं आणि वरून एम-सीलचा गोळा थापला. दुसऱ्या दिवशी हातोडीनेसुद्धा हलेना. काम करावं तर असं!

पंचाहत्तरीच्या दिवशी हॉल माणसांनी भरला. अमरावतीहून उत्कर्षाच्या कांतामावशी आल्या. महिपतीकाका तर आधी येऊन पहिल्या खुर्चीवर. नागोराव नवा सदरा घालून बसले होते, पण चेहरा असा की गाडी चुकलेल्या माणसाचा बरा. दाराशी ट्रंक तयार.

जेवणाच्या टेबलावर मी चादरीखाली रूळ मांडून ठेवले होते. मध्ये इंजिन, त्याच्या मागे थोडं अंतर सोडून दोन डबे. आणि डब्यांच्या मागे, रूळ संपतात तिथे, औक्षणाचं मोठं ताट. कणकेचे पंचाहत्तर दिवे, सगळे पेटवलेले.

"ताट तिथे नको हो," उत्कर्षा कुजबुजली.

"अगं, इंजिन पुढे जाणार. मागे काय ठेवलंय याच्याशी इंजिनाचा काय संबंध?"

मी चादर ओढली. नागोराव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या तोंडून नुसता "अरे!" निघाला. महिपतीकाकांनी चेहरा खिडकीकडे वळवला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण कुरकुरलं. धुराड्यात मी उदबत्तीचा तुकडा खोचून ठेवलाच होता, तो पेटवला. धूर निघाला. कांतामावशींनी हात जोडले.

"बाबा," मी म्हणालो, "आता बघा, मेल सुटतेय!" आणि खटका फिरवला.

मेल सुटली. मागे!

मला आधी कळेचना. 'मेल' लिहिलेलं तोंड आमच्याकडे करून इंजिन सरळ उलटं निघालं, डब्यांकडे, आणि डब्यांच्या पलीकडच्या पंचाहत्तर दिव्यांकडे! मी बटणावर झडप घातली. एम-सील! नखं लावली, चमचा लावला. हलेल तर शपथ!

"अहो, ताट!" उत्कर्षा ओरडली.

"आग! आग!" महिपतीकाका आग लागायच्या आधीच ओरडले. मी प्लग उपटायला वाकलो, तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं. नागोराव!

"थांबा जी," ते म्हणाले. "हात नका लावू."

त्यांनी दोन बोटं खटक्यावर ठेवली. इतकी हलकी की मला वाटलं ठेवलीच नाहीत. इंजिन हळू झालं. आणखी हळू. मुंगीच्या चालीने मागे सरकत डब्यांना जाऊन टेकलं. टक्. आकडा अडकला. मग दोन्ही डबे ढकलत, उदबत्तीचा धूर सोडत, गाडी ताटाकडे निघाली. शेवटचा डबा ताटापासून एका बोटावर थांबला. एकही दिवा हलला नाही.

"शंटिंग!" नागोराव म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "काय शंटिंग झालं, बावा!"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"मेल मी चारच वर्षं चालवली, तेही शेवटी शेवटी, विजेच्या इंजिनावर," ते म्हणाले. "जो उठते तो मेलचंच इचारते. पन सव्वीस वर्षं मी बडनेऱ्याच्या यार्डात शंटिंग केलं. अशाच काळ्या इंजिनावर. डबे ढकलाचे, जोडाचे. नवीन लग्न झालं तवा विमल एकदा यार्डात आली. रिकाम्या डब्यात बसली, हातात काठोकाठ भरला चहा. म्हने, जोडा आता. मी इंजिन मागं घेतलं, टेकवलं. एक थेंब सांडला नाही! त्याची याद म्हनून तिनं हे इंजिन देल्लं मले. हे कोनालेच माहीत नव्हतं." ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुमाले कोनं सांगतलं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण उत्कर्षाने टेबलाखाली माझ्या पायावर टाच रोवली.

"त्यांना कळतं असं काही काही, बाबा," ती म्हणाली.

नागोरावांनी मला मिठी मारली. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचे हात केवढे घट्ट असतात! कांतामावशी डोळे पुसत होत्या. महिपतीकाका म्हणाले, "मी तर आधीपासून म्हणत होतो, जावई हुशार आहेत," आणि बासुंदीची दुसरी वाटी पुढे केली.

पाहुणे गेल्यावर उत्कर्षाने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"लाल वायर कुठे लावली होती?"

"काळीच्या जागी."

"आणि काळी?"

"लालच्या," मी कबूल केलं. ती इतकी हसली की ओट्याला धरावं लागलं. "त्या बटणावरचं एम-सील काढलंत तर बघा," म्हणाली. ट्रंक पलंगाखाली परत गेली. आता रोज सकाळी चहाच्या आधी इंजिन एकदा मागे जातं, टक् करून डब्याला टेकतं आणि नागोराव म्हणतात, "सांडला नाही, विमल." त्यासाठी तरी माझे हात बरे म्हणायचे!

परवाचीच गोष्ट. नागोराव स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. खाली बोंबील तळणं चालू होतं. त्यांनी नाक वर करून वास घेतला, मग एक्झॉस्ट फॅनकडे निरखून पाहिलं.

"जावईबापू, हा पंखा उलटा फिरून राहिला. हे बी तुमीच केलं का?"

मी आता तयार होतो. छाती पुढे काढून म्हणालो, "हो, बाबा. मुद्दाम!"

नागोरावांनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मुलीला हाक मारली.

"उत्कर्षा, उद्या इलेक्ट्रिशियनले बोलाव, बाई."