बेडकाला तेल कोणतं?

आमचे पंचूमामा इंजिन ऑइल केळीच्या पानावर वाढतात. खोटं वाटत असेल तर कुंभकोणमला या. अंगणात एक उतरती फळी, फळीवर धुतलेलं पान, पानाच्या माथ्यावर ओळीनं पाच तेलांचे पाच थेंब, आणि शेजारी धोतरासारखी वेष्टी खोचून उकिडवे बसलेले मामा. कोणता थेंब सावकाश उतरतो ते पाहत. समोरची बाई एकदा दारातूनच विचारून गेली, "मामा, आज श्राद्ध कोणाचं?"

मामांचं पूर्ण नाव पंचापकेश राव. आमची मराठी माणसं तंजावरकडे आली ती तीनशे वर्षांपूर्वी. पुढे नावं तमिळ झाली, जेवण तमिळ झालं, भाषा मात्र त्या वेळची तशीच बरणीत मुरत राहिली. पुण्याचे पाहुणे मामांचं बोलणं ऐकतात तेव्हा बखर वाचल्यासारखा चेहरा करतात. मामांनी आयुष्यभर कॉफीपूड दळून विकली, त्यामुळे जगातला प्रत्येक पातळ पदार्थ त्यांच्या लेखी डिकाक्षन, म्हणजे कॉफीचा गाळलेला अर्क. पहिलं डिकाक्षन घट्ट, ते घरच्यांना. दुसरं पातळ, ते आगंतुकांना. "पातळ तें खोटें," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. रसमपासून जावयांपर्यंत सगळं त्यांनी याच मापानं मोजलं.

इंजिन ऑइलची पाळी आली ती एटीव्हीमुळे. चार फुगीर चाकं, मोटरसायकलचं हँडल, भडक हिरवा रंग. एका बंद पडलेल्या रिसॉर्टची ती जुनी गाडी मामांनी उचलून आणली. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "पंचू, हा बेडूक कोणाचा?" तेच नाव पडलं. घरात माणसं ही दोनच, सत्तरी ओलांडलेले अविवाहित मामा आणि ऐंशीच्या अक्का. या वयात लोक तीर्थाला जातात, मामांनी बेडूक घेतला, म्हणून नात्यात सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

गाडीबरोबर पुस्तिका होती, तीत हवामानाप्रमाणे तेलांचा तक्ता.

"उणें वीस," मामांनी वाचलं. "येथें उणें वीस कोठें आलें रे?"

"तुझ्या डोक्यांत," आतून अक्का म्हणाल्या. "तें पुस्तक मीट आणि जेवायला ये."

शेवटी मीच शहाणपणा केला. माझ्या कारसाठी आणलेलं भारीतलं तेल त्यांना दिलं. "पातळ आहे," मामा कुरकुरले. "भारी आहे," मी म्हणालो. ओतलं. बेडूक जो गरजू लागला म्हणता, पण जागचा हलेना. आमच्या ज्ञातीच्या सभेसारखा, आवाज फार आणि पाऊल पुढे नाही. मग एकाएकी अशी उडी मारली की मामांचा चष्मा तुळशीत.

साक्कोट्टैच्या सेल्वम मेकॅनिकनं तेल दोन बोटांत चोळलं आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सार, कारचा क्लच कोरडा बसतो. याचा क्लच इंजिनाच्याच तेलात आंघोळ करतो. निसरडं तेल घातलंत तर तो पकडणार कसा? बाइकचं तेल घ्या, डब्यावर एम.ए. छापलेलं बघून."

"मी मॅट्रिक," मामा म्हणाले, "आणि बेडकाला एम.ए. पाहिजे."

आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी अंग चोरून उभा. पण मामांनी भलतंच विचारलं. "सेल्वम, गाडी उडी मारते तेव्हां मागें हिसका बसतो?"

"बसणारच, सार."

"फार?"

मागे बसायचं कोण होतं?

आठवड्यानं गेलो तर परसात बेडकामागे एक चिमुकला ट्रेलर जोडलेला. ट्रेलरवर वेताची खुर्ची घट्ट बांधलेली, खुर्चीत उशी, उशीवर ताट आणि ताटात काठोकाठ कॉफीचा पेला. मामा माणसाच्या चालीनं नारळाला एक फेरी मारत, उतरत, मागे येऊन ताटात किती सांडलं ते वाकून पाहत. एम.ए. छापाची दोन्ही तेलं त्यांनी आणली होती, पुस्तिकेत आपल्या उकाड्यापुढे लिहिलेली, एक जाड आणि एक पातळ. जाड तेलावर गियर पडताना पेला हिंदकळत होता. पातळावर थेंबही नाही.

"पातळच घालावें," मामा म्हणाले. ज्यांनी पातळ रसमावरून एक सोयरीक मोडली होती, ते हे म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वामीमलैजवळचं त्यांचं शेत पक्क्या रस्त्यापासून आत, कालव्याच्या कडेनं. तिथे रिक्षा जात नाही. मामा लहान असताना आई गेली, तेव्हापासून ते शेत आणि मामा दोन्ही अक्कांनी सांभाळले. भाताच्या लावणीचा पहिला चूड, म्हणजे रोपांची मूठभर जुडी, दर वर्षी त्यांच्याच हातचा. गेल्या वर्षी अक्कांच्या मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी हिसका बसू देऊ नका म्हणून बजावलं, आणि लावणीच्या दिवसांत त्या दिवसभर खिडकीशी बसून शेतात पाणी कुठवर आलं ते विचारत राहिल्या.

"अक्कांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलें, आणि नाहीं जमलें तर?" मामा पेला पुसत म्हणाले. "पुन्हां खिडकींत बसवूं तिला?"

लावणीच्या सकाळी सांगितलं. अक्कांनी बेडकाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि चांगलं लुगडं काढायला आत गेल्या. मग खुर्चीत उत्सवमूर्तीसारख्या बसल्या, मी छत्री धरून मागे. बेडूक लोण्यावरून सरकावा तसा निघाला. "हळू," अक्का वाटभर म्हणत होत्या. बांधावरून एक म्हैस आम्हांला मागे टाकून गेली.

खुर्ची सोडवून शेताच्या कडेला टेकवली. बायांनी चूड हातात दिला. अक्का कशाबशा वाकल्या, आणि तो चिखलात लागला तो अगदी तिरका, ओळ सोडून. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "झालें."

एक बाई सवयीनं तो सरळ करायला पुढे आली.

"राहूं दे," मामा म्हणाले.

"मामा, वाकडं आहे. ओळीत नाही."

"असूं दे."

आणि वेष्टी गुडघ्यावर घेऊन ते पाण्यात उतरले. बायांची रांग शेताच्या पार दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत त्या रोपाशेजारी तसेच उभे राहिले.