इथपर्यंत बराबर

लिंबाजीमामा फोनवर 'हॅलो' म्हणत नसत. "जेवलात का?" असं विचारत. सकाळी दहाला, दुपारी चारला, साहेबांच्या सोयऱ्यांनासुद्धा. एकदा कुणा मोठ्या अधिकाऱ्याचा फोन आला. मामांनी त्यालाही आधी हेच विचारलं, आणि तो बिचारा गोंधळून "अजून नाही" म्हणाला.

"हॅलोचं काय," मामा सांगायचे, "आपलाच आवाज आपल्याच कानात घुमतो. माणसाला वाटतं, लाईन चालू हाय. सवाल टाकावा. जवाब आला, तरच पलीकडं कुणी हाय."

मी तेव्हा कळमनुरीत कापूस खरेदीच्या एका लहानशा संस्थेत हंगामी कारकून होतो, आणि त्याहून जास्त हमालांचा कार्यकर्ता. हिंगोलीहून नुकताच आलेला. पत्रकं काढायचो. तीन उद्गारचिन्हांशिवाय वाक्य संपवायचं नाही, हा माझा दंडक. मामा संस्थेचे ऑपरेटरही आणि लाईनमनही. कार्यालयात आठ लायनींचा जुना बोर्ड, बाजारतळापलीकडे गोदाम, मध्ये नऊ खांब. रोज दहाच्या ठोक्याला मामा गोदामाची लाईन तपासत. माझं टेबल शेजारीच, त्यामुळे पलीकडचा बारीक आवाज मलाही यायचा.

"जेवलात का?"

"जेवले. तुमी?" गोदामातल्या वजनकाट्यावरची कारकून बाई विचारायची.

"व्हय."

बोर्डातली जोडणीची खुंटी काढली, संपलं. पण एवढं झाल्याशिवाय मामा चहाला हात लावत नसत.

ऐन हंगामात ती लाईन बंद पडली. कार्यालयातून निरोप आल्याशिवाय गोदामात गाडी खाली करायची नाही, हा साहेबांचा नियम. म्हणजे गाड्या उभ्या, हमाल उन्हात बसून, आणि शिपाई चिठ्ठ्या घेऊन बाजारतळ तुडवतोय. बसून राहिलेल्या हमालाला कोण विचारतो? मी मामांच्या मागे लागलो, आणि ते निघाले तसा सोबतही गेलो.

मामा एकेका खांबावर चढायचे, तारेला हातातला फोन जोडायचे आणि कार्यालयात बसवलेल्या शिपायाला विचारायचे, "जेवलात का?"

"मामा, तुमच्यासमोरच तर जेवलो!" तो ओरडायचा.

"इथपर्यंत बराबर," म्हणत मामा उतरायचे आणि खांबावर खडूनं फुली मारायचे. नववा खांब गोदामाच्या अगदी दाराशी. त्यावर मामा दाराकडे पाठ करून चढले. "इथपर्यंत बराबर."

"म्हणजे बिघाड आत आहे," मी म्हणालो. "चला आत."

"आत आमचं काम न्हाई."

"मग कुणाचं?"

त्यांनी अवजारांची पिशवी उचलली आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात. तिसऱ्या दिवशी तेच. एकेका खांबावर तीन तीन फुल्या झाल्या, आणि मामा दारातून परत.

माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी पत्रक काढलं: 'लाईनमन की जहागीरदार!!!' घाम गाळणाऱ्यांच्या गोदामात पाऊल टाकायची ज्याला लाज वाटते, त्याला खांबावरून खाली उतरवा, असं लिहिलं. त्या पत्रकातलं हमालांबद्दलचं एकही वाक्य मी आजही मागे घेत नाही. मामांबद्दलची सगळी घेतो.

सकाळी गोदामाशी पत्रकं वाटली. हमालांचे मुकादम रशीदभाई ते वाचून माझ्याकडे आले.

"काहून लिहिलं रे पोरा हे? काट्यावरची शांता त्याची लेक हाय."

अख्ख्या कळमनुरीला माहीत होतं, पत्रक काढणाऱ्याला सोडून. बापानं ठरवलेलं स्थळ नाकारून शांतानं एका मास्तराशी लग्न केलं होतं. मामांनी चार माणसांत शपथ घेतली, तुझं तोंड बघणार न्हाई, तू असशील तो उंबरा ओलांडणार न्हाई.

"शपथेत फोनचं बोलायचं राहून गेलं, तेवढं बरं झालं," रशीदभाई म्हणाले. "पण आता तिच्या मालकाची बदली झाली. सेनगावकडच्या खेड्यात. तिथं कुठला फोन? दुपारच्या गाडीनं चालली ती. बापाला सांगाया तीन दिवस फोन कानाला लावून बसून राहिली."

मी आत डोकावलो. शांता एका हातानं पावत्या लिहीत होती. दुसऱ्या हातात तो मुका फोन, कानाशी.

मी धावत कार्यालयात आलो आणि मामांना सगळं सांगितलं. त्यांनी गोदामाची खुंटी बोटांनी पुसली. मग म्हणाले, "शपथ बापानं घेतली व्हती. लाईनमननं न्हाई." आणि पिशवी पुढ्यात ओढत, "तीन दिवस लागले मला हे सुचाया."

ते उठले. माठातलं पाणी ओंजळीत घेऊन केस नीट बसवले, पिशवी खांद्याला लावली आणि साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, गोदामात आतून बघतो. हुकूम द्या."

साहेबांच्या टेबलावर माझं पत्रक होतं. "आता खांबाचं नाव काढू नका. नांदेडहून मेकॅनिक बोलावलाय. तुम्ही बोर्ड सोडायचा नाही."

"साहेब, पत्रक चुकलं माझं," मी म्हणालो.

"वाटून झाल्यावर?" साहेब म्हणाले.

बाहेर येऊन मी मामांना म्हणालो, "असेच जा ना. कोण अडवतंय?"

"हुकमाबिगर गेलो, तर बापच गेला की रे."

आणि ते बोर्डावर जाऊन बसले. पिशवी खांद्यालाच. दुपारची गाडी गेली.

चारला मेकॅनिक आला. गोदामातल्या टेबलामागची तार उंदरांनी कुरतडली होती. पाच मिनिटांचं काम. बोर्डावर गोदामाची घंटी वाजली, मामांनी खुंटी लावली.

"जेवलात का?"

"हो, जेवलो. मी नवीन काटा-कारकून. काही काम होतं का?"

"न्हाई. इथपर्यंत बराबर."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला. मामांनी खुंटी काढली नाही, कानही तसाच लावून ठेवला. शेजारी सकाळचा चहा होता, साय धरलेला. माठाच्या पाण्यानं बसवलेले केस केव्हाच वाळून पुन्हा उभे राहिले होते.