सगुणरावांचा व्हॉल्व्ह

परीक्षेला कोणी विद्यार्थी म्हणून जातो, कोणी मास्तर म्हणून. आमचे पेडण्याचे सगुणराव परब प्रश्नपत्रिका म्हणून निघाले होते. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या प्रॅक्टिकलला 'केस' म्हणून या, असं मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. सगुणरावांनी नवं बनियान चढवलं, छातीवर पावडर थापली (पेपर कसा कोरा करकरीत हवा!) आणि सकाळची पहिली बस धरली.

ह्या मानाचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य शिबिरात. अंगात ताप असताना सगुणराव तिथे गेले आणि एका कोवळ्या डॉक्टरणीने छाती तपासून म्हटलं, "हृदयात थोडा आवाज वाटतोय, मोठ्या डॉक्टरांना दाखवा." झालं! त्या दिवसापासून घरात सगुणरावांपेक्षा त्यांच्या व्हॉल्व्हचा रुबाब वाढला. विहिरीचं पाणी, गॅसचा सिलिंडर, चवथीला गणपतीवरची माटोळी बांधणं, सगळं बायकोच्या, म्हणजे विनोदिनीच्या गळ्यात पडलं. ती स्टुलावर चढून फळांचे घोस बांधायची आणि हे खाली आडवे पडल्या पडल्या "जरा डाव्या बाजूक" म्हणायचे.

शेवटी तिनेच त्यांना हॉस्पिटलात पिटाळलं. तिथल्या डॉक्टरांनी यंत्र लावून हृदय पाहिलं आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या परीक्षेला याल का? मुलांना मात्र काही सांगायचं नाही हं." सगुणराव जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. 'घाबरू नका' असं कोणाला सांगतात, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. ज्याचं काही खरं नसतं, त्याला! त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

विनोदिनीच्या बहिणीचा मुलगा साईश ह्याच परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होता. पहिल्या खेपेला तो हृदयाच्या केसवरच आपटला होता. अभ्यासाला मावशीकडे येऊन राहिला, तेव्हा जेवताना समजावायचा, "काका, व्हॉल्व्ह म्हणजे दार. नीट मिटला नाय की रगत मागे फिरता आणि फूऽस करून आवाज येता. तोच मर्मर. मायट्रल व्हॉल्व्ह लीक आसात तर आवाज बगलेपर्यंत जाता." एकदा त्याने काकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि भीत भीत म्हणाला, "काका, माका कायच आयकाक येणा नाय. नुसता लब-डब, लब-डब."

"म्हणानच गेल्या खेपेक नापास झालंस!" सगुणराव कडाडले. पोरगा खाली मान घालून भात कालवत राहिला.

आणि परीक्षेत चिठ्ठ्या टाकल्या, तर साईशच्या वाट्याला नेमके काकाच! त्याने छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि त्याचा चेहरा उतरला. काकांना दया आली. एकच शब्द सांगू, जास्त नको, असं त्यांनी ठरवलं. परीक्षकांची पाठ वळताच ते कुजबुजले, "मायट्रल." मग राहवेना. "लीक. आवाज बगलेपर्यंत जाता."

परीक्षक आले. साईशने पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"हे तू स्वतः ऐकलंस?" परीक्षकांनी विचारलं.

साईशने काकांकडे पाहिलं. काकांनी बगल खाजवली.

"होय, सर."

"ह्यांचं हृदय अगदी नॉर्मल आहे. न ऐकता आवाज सांगणारे सापडावेत, म्हणून आम्ही अशी एक केस मुद्दाम ठेवतो."

सगुणराव ताडकन उठून बसले. "नॉर्मल? काय बोलताय, डॉक्टर! शिबिरात सांगितलंय, माझ्या हृदयात आवाज आहे!"

"तेव्हा ताप होता?"

"होता... थोडा."

"तापात कधीकधी येतो तसा आवाज. ताप गेला, आवाजही गेला."

पलीकडच्या खाटेजवळची मुलं फिदीफिदी हसली. सगुणराव आपल्या व्हॉल्व्हसाठी आणखी भांडणार होते, पण त्यांची नजर साईशवर गेली. पोराचे कान लालबुंद झाले होते आणि डोळे भरून आले होते. ह्याने घरी बरोबर ऐकलं होतं आणि आपण त्याला भरल्या ताटावर गप्प केलं होतं! सगुणरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तसेच बनियानवर खाटेवरून खाली उतरले आणि त्यांनी हात जोडले.

"डॉक्टर, मी ह्याचा काका. ह्याने घरी खरं सांगितलं होतं, मीच दटावलं. आत्ताही मीच कानात सांगितलं. काय ती शिक्षा मला करा, पण पोराचं वर्ष घालवू नका."

परीक्षकांनी दोघांनाही फैलावर घेतलं. मग साईशला म्हणाले, "दुसरा पेशंट देतो. कानाला येईल तेच सांगायचं."

सगुणराव बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. शर्टाची बटणं खालीवर लागली होती, तेही त्यांना कळलं नव्हतं. बऱ्याच वेळाने साईश धावत आला. "जमला, काका! ह्या खेपेक खरोखरचो फूऽस होतो! सर पास म्हणाले!" तो पाया पडायला वाकला, तेव्हा सगुणरावांनी लाजेने पाय मागे घेतले.

साईशने फोनवर मावशीला सगळं सांगून टाकलं होतं. सगुणराव संध्याकाळी चोरासारखे घरात शिरले. आता आपली हजेरी घेतली जाणार, ह्यात त्यांना शंका नव्हती.

"खरांच नॉर्मल?" विनोदिनीने विचारलं.

"होय."

ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. दोन वर्षं ती दर सोमवारी कडकडीत उपास करत होती, तो ह्यांच्या काळजासाठी. (सगुणरावांचा समज, बाई बारीक व्हायला बघते आहे.) धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"विनू, माझी चूक झाली गो."

"देवान आयकला माझा," तिने पदराने डोळे पुसले. "रवळनाथाक नवस बोललंय मी. काळीज बरा झाला तर तुमी देवळाभोवती लोटांगण घालतलात."

"मी?"

"काळीज कोणाचा?"

"अगो, पण माझो गुडघो..."

"लोटांगण आडवा पडान घालतत," विनोदिनी उठत म्हणाली. "दोन वर्सांची सवय आसाच तुमका."