पहिलं तिकीट कुणाच्या कादंबरीचं?

सिद्धराम मास्तरांना रिटायर होऊन बारा दिवस झाले, तरी त्यांच्या कादंबरीची गाडी काही सुटेना. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीचे. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

सोलापूर-करकंब गाडीवर बावीस वर्षं मास्तर एकच गोष्ट बोलत आले होते, "रिटायर झालो की निवांत कादंबऱ्या वाचणार." हे इतक्या वेळा ऐकून डेपोच्या लोकांना ते पाठ झालं होतं. त्यामुळे निरोप समारंभात शाल-श्रीफळ बाजूला राहिलं आणि तिघांनी तीन जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या त्यांच्या हातात ठेवल्या. कंट्रोलर श्रीमंत साहेबांनी भाषणात सांगितलं, "अभिजात कादंबरी म्हणजे काय? तर कितीही जुनी झाली तरी भंगारात न निघणारी गाडी." टाळ्या पडल्या. डेपोने आठवण म्हणून मास्तरांचा जुना चिमटाही दिला. मशिनं यायच्या आधी ज्याने तिकिटाला भोक पाडायचे, तो.

कादंबऱ्या तीन होत्या, आणि अडचण इथूनच सुरू झाली. कारण पुस्तक म्हणजे पुस्तक नव्हे, तो आहेर. आणि आहेरात पहिला मान कुणाचा, हा प्रश्न आमच्याकडे लग्नात सोडवायलासुद्धा दोन मामा लागतात.

जाडजूड पाचशे पानांची कादंबरी ड्रायव्हर कल्लप्पाची. मोहोळजवळ मास्तरांच्या छातीत कळ आली, तेव्हा ह्या कल्लप्पाने प्रवाशांसकट गाडी थेट दवाखान्याच्या दारात लावली होती. मधल्या आकाराची श्रीमंत साहेबांची. त्यांनी मास्तरांच्या लेकीच्या बाळंतपणाला न मागता रजा दिली होती. आणि बारीकशी, सुबक छपाईची, मास्तरांच्या हाताखाली शिकायला आलेल्या नव्या कंडक्टर अपेक्षाची. शेवटचं वर्षभर मास्तरांचे गुडघे दुखायला लागले, तर मागच्या सीटपर्यंतची तिकिटं हीच पोर फाडून यायची. आता ह्यांतलं कुणाचं पुस्तक आधी घ्यायचं आणि कुणाला थांबायला सांगायचं?

तिसऱ्या दिवशी कल्लप्पाचा फोन आला. तो अक्कलकोटकडचा. "मास्तर, माजंच पयलं धरलं न्हवं?"

"व्हय की! दुसरं कुटलं धरणार?"

चौथ्या दिवशी मंडईत श्रीमंत साहेब भेटले. हातात मेथीची जुडी. "काय सिद्धराम, कुठली सुरू केलीस?"

"तुमचीच की साहेब."

पाचव्या दिवशी अपेक्षाचा मेसेज. "काका, माजी वाचताय ना आदी? खरं सांगा."

मास्तरांनी एका बोटाने टाईप केलं, "तुजीच."

मास्तर खोटं बोलणारे नव्हते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला बिनतिकिटाचं नेलं नव्हतं. रात्रभर झोप लागेना. सकाळी उठून त्यांनी तिन्ही पुस्तकं मांडीवर घेतली, प्रत्येकाचं एकच पान वाचलं आणि चिमट्याने त्या पानाच्या कोपऱ्यात कट्‌कन भोक पाडलं.

गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. "अवो, पुस्तकाला भोकं कशाला पाडताय?"

"तिगांचंबी तिकीट फाडलं. आता खोटं न्हाय झालं."

"मग वाचा की पुडं."

"पुडं कुटली वाचू, त्येच तर ठरंना!"

गिरिजाबाईंनी भाकरी उलटली. मास्तर रोज दुपारी तिन्ही पुस्तकं उशाशी घेऊन विचार करायला आडवे व्हायचे, आणि विचार करता करता घोरायला लागायचे.

बाराव्या दिवशी कल्लप्पाने फोन करून सांगितलं, "मास्तर, आमी तिगं येतो आज. साहेब हायेत, पोरगी हाय. कादंबरीचं बोलू."

मास्तरांचं तोंड उतरलं. तिघं वेगवेगळे भेटले असते तर निभावलं असतं. एका गाडीत तीन प्रवासी एकाच सीटचं तिकीट घेऊन चढले तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

तिघं आले. गिरिजाबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे ठेवलं. पहिला घास तोंडात असतानाच कल्लप्पाची नजर पुस्तकांवर गेली. त्याने आपलं जाड पुस्तक ओढलं आणि पहिल्याच पानावरचं भोक बघून खूश झाला. "बगा! मास्तरचा पंच! माजंच पयलं!"

श्रीमंत साहेबांनी शांतपणे आपलं पुस्तक उघडलं. त्यालाही भोक. अपेक्षाने तिचं उघडलं. त्यालाही.

"काका," अपेक्षा म्हणाली, "तिन्ही तिकिटं पयल्याच टप्प्याची हायत की."

मास्तरांनी दह्यात बोट बुडवलं आणि तिथंच ठेवलं. "चुकलं माजं. तिगांनाबी व्हय म्हणून बसलो. कुणाला दोन नंबरला बसवू? तुमचं कुणाचंच ऋण फिटणारं न्हाय. एक पानबी पुडं सरकलो न्हाय, शपत."

तोवर कल्लप्पा पानं उलटत होता, आणि एकाएकी ओरडला, "अय्यो! मास्तर, खोटं कशाला बोलताव? हितं भोक. हितं भोक. दीडशेवर भोक. आनि ह्ये बगा, शेवटच्या पानावर! गाडी डेपोत लागली की!"

मास्तरांनी डोळे चोळले. चिमटा त्यांचाच होता, पण हे पंच त्यांचे नव्हते.

"बारा दिवसांत पाचशे पानं?" साहेब म्हणाले. "सिद्धराम, कबूल करायला लाजतोस काय?"

"साहेब, आईशप्पत मी न्हाय!"

"मी," चुलीपाशी बसून गिरिजाबाई म्हणाल्या. "दुपारी ह्ये घोरत असायचे, मी उशाचं घ्यायची. कुटवर आलो कळायला चिमटा बरा हाय. साहेबांचं निम्मं झालंय, पोरीचं उद्या धरते."

मास्तर तिच्याकडे वळले. "अगं, पण कल्लप्पाचंच पयलं कसं ठरवलंस?"

"त्यात ठरवायचं काय? भावजींनी तुमाला मोहोळवरनं जित्तं आणलं. न्हायतर घरात पुस्तकं वाचायला कोण राह्यलं असतं?"

साहेबांनी मान हलवली. अपेक्षाने आपलं पुस्तक आपणच सगळ्यात खाली ठेवलं. आणि कल्लप्पा खांद्यावरच्या पंच्याने उगाच तोंड पुसू लागला.

"वैनी," तो म्हणाला, "खरं सांगू? मी शिकलो कानडी शाळेत. मराठी पाट्या तेवड्या वाचतो. दुकानात वजन बगून घेतली ही. आत हाय तरी काय?"

"सांगते की." गिरिजाबाईंनी हात पुसून ऐसपैस मांडी घातली. "त्यातला थोरला भाऊ हाय न्हवं, त्यो शेवटाला..."

"थांब! सांगू नको!" मास्तर कल्लप्पाच्या हातातून पुस्तक ओढून घेत ओरडले.

चौतीस वर्षं ज्याला त्याला "कुठं उतरणार?" विचारत आलेला माणूस, शेवटचा स्टॉप सांगू नको म्हणून पहिल्यांदाच हात जोडत होता. पुस्तक उघडून त्यांनी दुसरं पान काढलं, आणि कल्लप्पाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.