श्री. तुणतुणे, स्थानिक पालक

मी पदवीधर झालो तो वारूळवाडीच्या तुणतुणेमामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. आंबेगावच्या डोंगरातून वडील मला कॉलेजात घालायला आले, तेव्हा एसटी स्टँडवर त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला खोलीचं विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडंच राहू द्या की. एकटाच हाये मी. पण पोराला ऐकायची सवय हाये ना?"

सवय लागली. मामांनी उमेदीची सगळी वर्षं तमाशाच्या फडात तुणतुणं वाजवलं होतं. लाकडी डबा, खाली कातडं, बाजूला काठी आणि एकच तार. या वाद्याला तुणतुणं का म्हणतात, हे ते दिसेल त्याला सांगत. न विचारता.

कंडक्टरला सांगितलं, तुणाजी नावाच्या गुराख्यानं ते पहिल्यांदा बनवलं. टोमॅटोच्या व्यापाऱ्याला सांगितलं, एका राणीला झोप येत नव्हती, तिला निजवायला ते बनवलं. राणी झोपेपर्यंत त्याचा अर्धा टेम्पो भरून झाला. आणि मला सांगितलं, "पयलं तुण गाणाऱ्याचं, दुसरं वाजवणाऱ्याचं. लोकं पयलंच ऐकत्यात."

मी थक्क झालो. "मामा, अहो काल तर तुणाजी होता!"

"काल कंडक्टर व्हता. गाडी सुटायच्या आत तुणाजीच बसतो, राव. राणीला लई येळ लागतो."

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या ग्रंथालयात शब्दकोश पाहिला आणि धावत घरी आलो. "मामा, ना तुणाजी, ना राणी. तार छेडली की तुण तुण असा आवाज येतो, म्हणून तुणतुणं. छापलंय तसं."

मला वाटलं, आता भाकरी बंद. मामा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले, "म्हंजी छापणाऱ्यानं ऐकलं व्हतं तर!" आणि दिवसभर खुशीत होते.

बी.ए.चा निकाल लागल्यावर कॉलेजनं, घरातून पहिल्यांदाच पदवी मिळवणाऱ्यांचा पालकांसह सत्कार ठेवला. वडील भातलावणीत अडकलेले. मामा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. माइकवरून पुकारा झाला, "स्थानिक पालक, श्री. तुणतुणे!"

सभागृहात हशा फुटला. मागून कुणीतरी तोंडानं तार छेडली. प्रवेशाच्या फॉर्मवर ते नाव मीच लिहिलं होतं; गावभर सगळे तुणतुणेमामाच म्हणत, म्हणून मला ते आडनाव वाटलं होतं. मामा शांतपणे वर गेले, तिन्ही बाजूंना हात जोडले आणि नारळ घेऊन उतरले.

परतताना मी घाबरत विचारलं, "तुमचं आडनाव तुणतुणे नाही?"

"न्हाय रं. वाद्याचं नाव ते."

"मग तुमचं नाव काय?"

मामा रस्त्यातच थांबले. नारळ या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, रागावले. ते आठवत होते.

"किसन," ते म्हणाले. "ढोलकीवाल्याचं नाव जाहिरातीत छापायचे. मला 'ए तुणतुणं' म्हणायचे. बायकू उखाण्यात नाव घ्यायची, तेवढंच. ती गेल्यापून कुणी घेतलंच न्हाय."

तीन वर्षं ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

पुढं घोडेगावाकडच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथून पहिलं पत्र मामांना लिहिलं. पत्त्यात फक्त किसनमामा, वारूळवाडी. सोबतचे गुरुजी म्हणाले, "कंसात तुणतुणे घाला, नाहीतर परत येईल." मी घातलं नाही. पत्र असं होतं:

'ती. किसनमामांस साष्टांग नमस्कार.

शाळेत रुजू झालो. भाकरी जमते, पण फुगत नाही. हे पत्र घेऊन पोस्टमन "किसनमामा कोण?" असं विचारत आळीत फिरेल. शेजारी सांगतील, असं कुणी इथं राहत नाही. तेव्हा तुम्ही गप्प बसू नका. "मीच" म्हणा, मामा. मोठ्यानं म्हणा.'