टाटा करायची प्रॅक्टिस

ही गोष्ट खरी आहे भो. आईशप्पथ खरी. म्हणजे आईची नको, आमच्या आईला शपथेचं कळलं की ती आधी मलाच विचारते, आता काय करून ठेवलं. विद्येची घेतो. ती माझ्याकडे फारशी नाही, गेली तरी नुकसान नाही. आणि सगळीच खरी असं मी कुठे म्हटलं? पोरगा खरा, बाप खरा, शाळा खरी. बाकी थोडं मी लावलंय, साडीला फॉल लावतात तसं. फॉल लावल्याने साडी खोटी होत नाही.

तर अनुजशेठ. जळगावच्या जुन्या बाजारात हस्तीमलजींचं साड्यांचं दुकान आहे, त्यांचा हा एकुलता एक मुलगा. शेठ आपलं लोकांनी म्हणायचं. गादीवर हस्तीमलजी, गल्ल्यावर हस्तीमलजी, आणि अनुज साड्यांच्या घड्या घालतो. लग्न झालं, पोरगा झाला, पुढचे केस गेले, घड्या आहेत तिथेच. खेड्यावरून एखादी बाई यायची, कपाट रिकामं होईपर्यंत साड्या उलगडायला लावायची, "बठ्ठ्या सारख्याच शेतस", म्हणजे सगळ्या सारख्याच, म्हणायची आणि एक परकर घेऊन जायची. मग हस्तीमलजी चष्म्यावरून बघायचे. "अनुज, घड्या."

त्यामुळे अनुजच्या पोटात राग कायम शिजत असायचा. पण काढणार कुठे? गिऱ्हाईकावर रागवायचं नाही, बापावर रागवता येत नाही, आणि बायकोवर रागावलं तर ती दुप्पट रागावते. (एकदा त्याने स्कूटरला लाथ मारली. स्कूटर तशीच उभी आहे, अनुज पंधरवडाभर लंगडत होता.)

अशात त्याचा मुलगा अर्हम बालवाडीत जायच्या वयाचा झाला. मेहरूणकडच्या एका इंग्लिश मीडियममध्ये ॲडमिशन मिळाली आणि शाळेने आई-बापांची मीटिंग घेतली. किरण मिस म्हणून एक बारीक बाई होत्या. दिसायला बारीक, पण आवाज भोंग्याचा.

"मुलांना लपूनछपून सोडून जायचं नाही. समोर सांगायचं, मी जातो, परत येतो, टाटा. आणि जायचं. घरी प्रॅक्टिस करा. नऊला गेट बंद. नंतर आत एकही पालक दिसता कामा नये. पहिल्या आठवड्यात ज्या मुलाला सोडता आलं नाही त्याची सीट वेटिंगवाल्याला जाईल."

अनुजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फी आधी घेतली आणि धमकी नंतर! गिऱ्हाईकाशी असं बोललं तर दुकान चालेल का? तो उठून बोलणार होता, पण पलकने, म्हणजे बायकोने, त्याच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर पलक शांतपणे म्हणाली, "पुढच्या सोमवारपासून मी सीएंच्या ऑफिसात जॉईन होतेय. माहितीये ना?"

"माहितीये."

"चार वर्षं वाट पाहिली मी. अर्हमची सीट गेली तर मी घरी बसणार नाही. तू बसशील."

"मी? आणि दुकान?"

"दुकानात काय करतो तू?"

घरी जाताना त्याने वाटेतल्या प्रत्येक रिक्षावाल्याला शिव्या घातल्या. एकाने उलट घातली, तेव्हा जरा बरं वाटलं.

मग त्याने ठरवलं, प्रॅक्टिस मी स्वतः घेतो. घरी जमेना, कारण अनुज "टाटा" म्हणाला की अर्हमच्या आधी आजीच, धनकुंवरबाई, डोळ्याला पदर लावायच्या. (त्यांना वाटायचं पोराला हॉस्टेलला टाकताहेत.) म्हणून त्याने अर्हमला दुकानात आणलं, गादीवर आजोबांच्या शेजारी बसवलं आणि मिसने सांगितल्याप्रमाणे म्हणाला, "अर्हम, पप्पा जातो हं. परत येतो. टाटा."

आणि दाराकडे निघाला.

आता हे बघ भो, साडीच्या दुकानात माणूस उठून दाराकडे निघाला की त्याचा अर्थ एकच. भावावरून बिनसलं. हस्तीमलजी वहीत मान घालून बसले होते. त्यांनी मान वर न करता, गेल्या पन्नास वर्षांच्या सवयीने हाक मारली, "अहो या, या! असं रागावून जाता का? बसा, पाणी घ्या!"

अनुज जागच्या जागी वळला. त्याचा जन्म त्याच गादीवर गेलेला. पाय आपोआप वळतात.

"बाबूजी! मी आहे!"

"मग जातो कशाला?"

"अर्हमची प्रॅक्टिस आहे!"

"कर की. मी कुठे अडवलं?"

पुन्हा टाटा, पुन्हा दार. या वेळी जुना सेल्समन सुकदेव ओरडला, "ओ भाऊ, ऐका तर खरं! तुमच्यासारखा भाव लावू!" अनुज पुन्हा वळला. त्याने सुकदेवला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही. सुकदेव म्हणाला, "सॉरी शेठ, तोंडातून निघून गेलं."

तिसऱ्यांदा मात्र दोघंही गप्प बसले. अनुज दारापर्यंत गेला. पायरीवर पाऊल ठेवलं. आणि मागून बारीक आवाज आला, "ओ भाऊ! या, या! पाणी घ्या!"

अर्हम. मांडी घालून, गालावर हात ठेवून, हुबेहूब आजोबा. डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही.

अनुजला कळायला पाहिजे होतं. पण रागावलेल्या माणसाला जेवढं बघायचं तेवढंच दिसतं. त्याला दिसलं, पोरगा रडत नाही! संध्याकाळी तो पलकला म्हणाला, "बाकीची पोरं गेट धरून लोळतील. आपला साहेबासारखा बसतो." शाळा उघडेपर्यंत रोज प्रॅक्टिस चालली. रोज अनुज उठायचा, रोज अर्हम हाक मारायचा, रोज अनुज परत यायचा. पक्कं झालं पोराचं.

पहिला दिवस. वर्ग भरलेला. चटईवर पोरं, भिंतीला टेकून आई-बाप. अनुज छाती काढून उभा. किरण मिस म्हणाल्या, "चला, एकेकाने टाटा करून निघा."

पहिली एक आई उठली. पोरीला पापा दिला, दाराशी पोचली.

"ओ ताई!" अर्हम म्हणाला. "असं रागावून जाता का? या, बसा!"

"अगं बाई, किती गोड!" ती बाई परत आली. पोरीने तिला परत येताना पाहिलं आणि तिच्या गळ्यात पडून जो भोंगा पसरला की किरण मिसला स्वतःचा आवाज ऐकू येईना.

दुसरे उठले आयुषीचे वडील. ते पार गेटपर्यंत पोचले होते. अर्हम खिडकीत चढला. "ओ भाऊ! शेवटचं बोला!"

आता जळगावात दुकानदाराने मागून हाक मारावी आणि गिऱ्हाईक वळू नये, असं होत नाही. न वळणारा माणूस भुसावळचा असतो. आयुषीचे वडील वळले. त्यांच्या मागचे दोघं वळले. त्यांच्या मागून एक पाण्याचे जार पोचवणारा चालला होता, त्याचा शाळेशी काही संबंध नव्हता, तोही वळला.

कोणी बाहेर पडेना. पडलं की परत येई. आलं की त्याचं पोरगं रडे. वर्गात रडणारी पोरं, डोळे पुसणाऱ्या आया, घड्याळ बघणारे बाप, एक जारवाला, आणि मधोमध अर्हम, प्रत्येकाला पाण्याचं विचारतोय.

गोंगाट ऐकून प्रिन्सिपॉल मॅडम आल्या. "व्हॉट इज धिस? सगळे बाहेर!" म्हणून ओरडल्या आणि तरातरा निघाल्या.

"ओ मॅडम, ऐका तर खरं!"

मॅडम वळल्या. वळल्यावर त्यांना कळलं की आपण वळलो. त्यांचा चेहरा असा लाल झाला की अनुजच्या दुकानात त्या शेडची साडी सापडली नसती.

"हा मुलगा कोणाचा?"

अनुजने आधी इकडे तिकडे पाहिलं. (मी पण पाहिलं असतं.)

"उद्या एक दिवस देते. उद्या हेच झालं तर वेटिंगवाल्याला फोन."

अनुज दुकानात आला तो चपला न काढता गादीवर चढला. हे त्या दुकानात आजवर कोणी केलं नव्हतं.

"बाबूजी, तुम्ही माझ्या पोराचं वाटोळं केलं!"

"चपला काढ."

"सीट चालली! पलकची नोकरी चालली! घरात मला राहू देणार नाही ती!"

"चपला काढ आधी. काय केलं त्याने?"

"जो जाईल त्याला हाक मारतो!"

"मग? रिकाम्या हाताने चालले असतील."

"आई-बाप आहेत ते! शाळेतून काय घेऊन जाणार?"

हस्तीमलजींनी चष्मा काढला. "हातात पिशवी असलेल्या गिऱ्हाईकाला मी कधी परत बोलावलंय? त्याला आपण म्हणतो, पुन्हा या. पोरगा धंद्याच्या हिशोबाने बरोबर आहे. चुकतोय तू. शाळेला दुकान कर."

अनुजला बापाचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग याचा आला की म्हातारा बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन शाळेत लवकर पोचला आणि प्रत्येक पालकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "हातात धरा फक्त. आत रुमाल आहे, फुकट आहे. जाताना त्याला दिसू द्या."

पहिली आई उठली. पिशवी हलवत दाराशी गेली. अर्हमने पिशवीकडे बघितलं. मग बाईकडे बघितलं.

"पुन्हा या हं," अर्हम म्हणाला.

ती गेली. दुसरी गेली. आयुषीचे वडील गेले. जी दोनचार पोरं तोंड वाकडं करत होती ती अर्हमकडे बघून "पुन्हा या" म्हणायला लागली आणि रडायचं विसरली. किरण मिसच्या डोळ्यात पाणी आलं. नऊला पाच कमी होते आणि वर्गात पालक एकच उरला होता.

अनुजने शेवटची पिशवी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला राग येत नव्हता. "टाटा बेटा."

"तुम्ही कुठे?"

"दुकानात. ही बघ पिशवी."

अर्हमने पिशवीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याने बोट दाखवलं. वर्गभर पोरांचे नॅपकिन उलगडून पडले होते.

"पप्पा, घड्या."

"काय?"

"तुम्ही गिऱ्हाईक नाही. तुम्ही घड्या घालणारे."

अनुजच्या कानातून वाफ निघाली. तीन वर्षांचं पोर! पण रागावणार कसा, समोर किरण मिस. तो दात-ओठ खात दाराकडे एक पाऊल गेला आणि अर्हमने तोंड उघडलं. प्रॅक्टिसमध्ये कधी न रडलेला अर्हम असा रडला की बाहेरच्या चिमण्या उडाल्या. नोकर दुकान उघडं टाकून चालला, म्हणजे अनर्थच! त्याचं बघून आयुषीने ओठ काढला. तिचं बघून सगळ्यांनी काढले. पॅसेजमधून प्रिन्सिपॉल मॅडमच्या सँडलचा आवाज यायला लागला. अनुज बसला तर पालक आत, सीट गेली. उठला तर पोर आवरत नाही, तरी सीट गेली.

त्या शाळेत पोरांना बाथरूमला नेणाऱ्या एक कुंदाबाई होत्या. त्यांची मुलगी शिंदखेड्याला बाळंतपणाला टेकली होती आणि मॅडम सुट्टी देत नव्हत्या, बदली माणूस आण म्हणून. कुंदाबाईंनी अनुजकडे पाहिलं. त्यांना देवच दिसला असणार. त्यांनी गळ्यातला निळा एप्रन काढला आणि त्याच्या डोक्यातून खाली ओढला.

मॅडम दारात. "हे पालक आत कसे?"

"हाऊ आते पालक नही मॅडम," कुंदाबाई म्हणाल्या. "हाऊ मना बदलीना माणूस शे."

मॅडमनी अनुजकडे पाहिलं. अनुजने पलकचा चेहरा डोळ्यासमोर आणला, खाली बसला आणि नॅपकिनची घडी घातली. चार कोपरे जुळवून, मधे सुरकुती नाही. घडी बघून अर्हमचं रडणं थांबलं.

"चांगला आहे हाताने," मॅडम म्हणाल्या. आणि कुंदाबाई निघाल्या त्या थेट एसटी स्टँडवर.

सीट राहिली. पलक जॉईन झाली. हस्तीमलजींनी दुकानात घड्या घालायला दुसरा माणूस ठेवला आणि तो अनुजपेक्षा बरा निघाला. अनुज रोज नाकं पुसतो, डबे उघडतो, बुटांच्या लेस बांधतो आणि मनातल्या मनात शाळेला, बापाला, शिंदखेड्याला शिव्या घालतो. कुंदाबाईंचा फोन आला, मुलीला जुळं झालंय, अजून महिनाभर तरी बघा भाऊ.

परवा रविवारी पलकने त्याला तलावावर फिरायला नेलं. केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. समोरून तिचे सीए साहेब सहकुटुंब आले. पलक म्हणाली, "सर, हे माझे मिस्टर. साड्यांचा मोठा बिझनेस आहे आमचा."

"वा," साहेबांनी हात पुढे केला.

अनुजनेही केला. पण तो हात वाटेतच कोणीतरी पकडला. खाली आयुषी उभी. लांब उभ्या आपल्या आईला ती ओरडून सांगत होती, "मम्मी, ही बघ आमची नवीन मावशी! मिशीवाली!" मग करंगळी वर केली. "मावशी, शू."

अनुजच्या डोक्यात राग असा चढला की तलाव उकळला असता. तो तोंड उघडून काहीतरी भयंकर बोलणार होता. निघालं ते एवढंच: "चल बेटा, चप्पल नीट घाल." आणि साहेबांचा हात तसाच हवेत ठेवून तो तिला घेऊन झाडामागे गेला.

संपली. आता हसणं झालं असेल तर चहाचं आणि भज्यांचं तुम्ही देऊन टाका. माझ्याकडे काय बघून राहिले? गोष्ट मी दिली ना? पटली असेल तर पूर्ण बिल द्या, नसेल पटली तर माझ्या भज्यांपुरतं द्या. तो पोरगा केव्हाचा उभा आहे, काढा भो पाकीट.